कॅमेरे निघून गेल्यावर: आपल्या भागातल्या ऑनलाइन माहितीपटाचं पिच कसं करावं

९ जून २०२५ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. पुढचे काही दिवस मुंब्रा आणि दिवा स्टेशनवर कॅमेऱ्यांची गर्दी होती. आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली, बातमी शिळी झाली, कॅमेरे गेले. दिव्याची माणसं दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला, त्याच दारात उभी होती.

माहितीपटाचं काम इथून पुढे सुरू होतं. ते करायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे दिव्यात, कळव्यात, कोपरमध्ये, कल्याण पूर्वेला राहणारा मुलगा किंवा मुलगी. अंधेरीच्या ऑफिसातून येणाऱ्या टीमला दोन दिवसांचं शूटिंग परवडतं. तुम्ही मात्र सहा महिने स्टेशनच्या त्याच जिन्यावरून रोज चढता-उतरता. ही रोजची जवळीक हेच तुमचं भांडवल आहे आणि पैसे देणाऱ्याला पिचमध्ये तीच पटवून द्यायची असते. बाकी सगळं शिकता येतं.

मी नवख्या मुलांचे प्रस्ताव वाचतो तेव्हा नेमकी हीच गोष्ट त्यात सापडत नाही. ‘लोकल ही मुंबईची लाइफलाइन आहे’ या वाक्याने सुरुवात होते, मग प्रवाशांचे आकडे येतात, मग ‘तरुणाईच्या संघर्षाचा वेध’. हे कुणीही, कुठेही बसून लिहू शकतं. मुंबईच्या रेल्वेवर बीबीसीनेसुद्धा २००७ आणि २०१५ साली मोठ्या मालिका केल्या आहेत. त्यांच्याकडे मोठी साधनं होती. तुमच्याकडे काय आहे, ते सांगा.

विषय आणि फिल्म यांच्यातलं अंतर एका उदाहरणातून पाहू. समजा, तुम्हाला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींवर माहितीपट करायचा आहे. बहुतेक जण लिहितील: ‘ठाणे जिल्ह्यातील तरुणांची स्वप्ने, बेरोजगारी आणि जिद्द यांवर प्रकाश टाकणारा माहितीपट.’ आता हे वाचा: ‘दिव्यात राहणारी बावीस वर्षांची एक मुलगी ठाण्याच्या मॉलमध्ये दिवसभर उभी राहून नोकरी करते आणि पहाटे पाचला मैदानावर आठशे मीटर धावते. भरतीचा हा तिचा तिसरा प्रयत्न आहे. या वेळी झालं नाही तर लग्नाला हो म्हणायचं, असं तिने घरी कबूल केलं आहे.’

दुसऱ्या तीन वाक्यांत काय काय आलं ते बघा. एक माणूस आहे. तिला काहीतरी हवं आहे. अडथळा आहे, मुदत आहे, आणि निकाल काय लागेल ते ना तिला माहीत ना तुम्हाला. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, त्यात गोळाफेक, शंभर मीटर आणि आठशे मीटर. पुढे शंभर गुणांची लेखी परीक्षा. म्हणजे फिल्मचा कणा सरकारने आधीच आखून ठेवला आहे. बेरोजगारी, मुलींचं शिक्षण, दिव्यातला पाणीप्रश्न, लोकलची गर्दी हे सगळं तिच्या दिवसातून आपोआप येणार आहे. त्यासाठी तज्ज्ञाला खुर्चीत बसवून बोलतं करायची गरज नाही.

सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. समुद्र तापतोय, मासळी आटतेय हा त्याचा विषय. पण लक्षात राहतात ते मुंबईचे दोन कोळी मित्र, एक परंपरेने मासेमारी करणारा आणि दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा, आणि त्यांच्यात पडत गेलेली फट. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये दिल्लीची विषारी हवा दिसते ती जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांच्या तळघरातून. पिच लिहायला बसण्याआधी या दोन्ही फिल्म बघा, आणि मराठीत अतुल पेठे यांची पुण्याच्या सफाई कामगारांवरची ‘कचराकोंडी’ही बघा. मुद्दा माणसाच्या अंगावरून कसा जातो, हे तिन्हींतून समजतं.

आपल्या भागात अशा मुदतीच्या गोष्टी भरपूर आहेत. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९च्या सुमाराला सुरू केली आणि नंतर ती राज्यभर पसरली. डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या गर्दीचं चित्रीकरण दरवर्षी शेकडो फोन करतात. त्याआधी अनेक आठवडे ढोलपथकाच्या सरावात पहिल्यांदाच ताशा हातात घेतलेल्या मुलीबरोबर कुणी राहत नाही. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने मुलींना फुटबॉल खेळायला मैदान मिळावं म्हणून लढा दिला. तिथे आज खेळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला त्या लढ्याबद्दल काय वाटतं? डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ला आणि पुन्हा २३ मे २०२४ला स्फोट झाले. कारखान्यांच्या भिंतीला लागून ज्यांच्या इमारती आहेत, त्यांतलं एखादं कुटुंब घर विकायला काढतं तेव्हा काय होतं? २०१५मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा आलेल्या २७ गावांत आगरी घरातला पदवीधर मुलगा बापाच्या शेतावर उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये सेल्समनची नोकरी करत असेल, तर ती एक अख्खी मालिका आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोचा परिसर २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाला. चेंदणी कोळीवाड्यातल्या तरुणाला ती खाडी कशी दिसते, हे कुणी विचारलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता कागद. पिचचा मजकूर दोन ते चार पानांचा पुरे. आधी दोन-तीन वाक्यांत गोष्ट, वर दिली तशी. मग एक पान सविस्तर कथानक. मग तुम्ही ती कशी दाखवणार, हे. इथे बहुतेकांची गाडी अडते. ‘सिनेमॅटिक दृश्यं आणि भावस्पर्शी संगीत’ असं लिहून काहीच कळत नाही. त्याऐवजी एक प्रसंग लिहा, डोळ्यांपुढे उभा राहील असा. उदाहरणार्थ: ‘पहाटे पावणेचार. ओट्यावर एकाच शेगडीवर आईचा चहा आणि मुलीच्या डब्याची भाजी. वडील झोपलेत म्हणून दिवा लावलेला नाही, फोनचा टॉर्च भांड्याला टेकवून ठेवला आहे. कॅमेरा दारात आहे, आत जात नाही. दोघी कुजबुजत बोलतात आणि सगळं बोलणं पैशांचं आहे.’ एवढं वाचल्यावर कुठलाही निर्माता ओळखतो की हा माणूस त्या घरात गेलेला आहे, आणि त्याला कुठे थांबायचं ते कळतं.

त्यानंतर लिहा तुमची त्या लोकांपर्यंतची वाट. ती मुलगी तुमच्या बहिणीची वर्गमैत्रीण आहे का? तुम्ही त्याच मैदानावर धावता का? तिच्या आईला काय सांगितलं आहे? नवखे लोक हा भाग संकोचाने एका ओळीत आटोपतात. तो सविस्तर लिहा, कारण प्रसिद्ध दिग्दर्शकापुढे तुमचा हाच हुकमाचा पत्ता आहे.

कागदासोबत दोन-तीन मिनिटांचा नमुना व्हिडिओ लागतो. त्याला ट्रेलर समजू नका. ड्रोनने घेतलेला कल्याण-शिळ रस्ता, त्यावर गंभीर आवाजातलं निवेदन आणि झटपट कट यांतून काही सिद्ध होत नाही. एकच प्रसंग घ्या आणि तो चालू द्या. डोंबिवलीच्या कितीतरी बायका सकाळी सीएसएमटीला जाण्यासाठी आधी उलट्या दिशेने कल्याणला जातात, गाडी रिकामी होत असतानाच आत शिरून जागा धरतात आणि त्याच गाडीने परत डोंबिवलीवरून पुढे जातात. डोंबिवली आलं की दारातून आत घुसणाऱ्यांची आणि आधीच बसलेल्यांची नजरानजर होते. चौथ्या सीटवर कोण बसणार, कुणाला कुठे उतरायचंय याच्या वाटाघाटी सुरू होतात. डब्यातल्या ग्रुपमध्ये भिशीचे पैसे गोळा होतात, कुणाच्या तरी मुलीच्या बारावीच्या निकालाची चौकशी होते. हे दीड मिनिट न कापता, चांगल्या आवाजात ऐकू आलं की तुमचा हात आणि कान दोन्ही कळतात. आवाजावर पैसे खर्च करा. चित्र फोनचं चालेल, पण गाडीच्या खडखडाटात बुडालेलं बोलणं कुणी दहा सेकंदही ऐकत नाही.

मात्र रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते आणि त्यासाठी मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. नमुन्यापुरती ती खटपट जमत नसेल तर घर ते स्टेशन एवढंच चित्रित करा. दारात लटकून शूट करू नका, आणि कुणाला कॅमेऱ्यासाठी लटकायलाही लावू नका. पायरीवरून प्रवास हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहेच. शिवाय या मार्गावर दरवर्षी लोक मरतात, आणि एका शॉटसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाच्या हाती मी माझ्या ओळखीतलं कुणी सोपवणार नाही.

प्रेक्षक अठरा ते पंचवीसचा आहे, म्हणून सगळं उथळ आणि वेगवान करायचं, हा गैरसमज टाळा. डोंबिवली ते दादर फास्टने पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. त्या वेळात उभ्याने, इअरफोन लावून, फोनच्या पडद्यावर मुलं बरंच काही बघतात. बारा-पंधरा मिनिटांचे तीन भाग त्या प्रवासात बसतात, दीड तासाची सलग फिल्म बसत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस दिसला पाहिजे, लोगो आणि श्रेयनामावली नंतर. सबटायटल्स मराठीतही द्या, कारण गाडीत आवाज बंद करून बघणारे खूप असतात. आणि बोली धुऊन काढू नका. दिव्यातली मुलगी अर्धं वाक्य हिंदीत बोलते, आगरी घरातली आजी वेगळ्या लयीत बोलते, तेच राहू द्या. त्या वयाच्या प्रेक्षकाला खोटी भाषा लगेच ओळखू येते आणि तो पुढे सरकतो.

कुणाकडे जायचं, हा प्रश्न मुलं सगळ्यात आधी विचारतात. मोठे ओटीटी प्लॅटफॉर्म अनोळखी माणसाने थेट पाठवलेला मजकूर सहसा स्वीकारत नाहीत. नेटफ्लिक्स तर ते स्पष्टच सांगतं. तिथे जायचं तर त्यांच्याशी आधीपासून काम करणारी निर्मितीसंस्था गाठावी लागते. मराठीत २०१६पासून भाडिपा, २०१७पासून बीबीसी मराठी आणि पुढे बोल भिडू यांनी तरुण प्रेक्षक बांधला आहे, पण तिघांचा पिंड वेगळा आहे. विनोदी मालिका, बातमी आणि समजावून सांगणारे व्हिडिओ करणाऱ्याला तुमचा सहा महिन्यांचा निरीक्षणात्मक माहितीपट नको असू शकतो. मेल टाकण्यापूर्वी त्या चॅनलचे मागच्या काही महिन्यांचे व्हिडिओ यादी करून बघा, आणि तुमचा माहितीपट त्यांच्या कुठल्या मालिकेत बसतो ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.

माहितीपटांसाठी स्वतंत्र पिचिंगचे मंच आहेत. कोलकात्याचा डॉकएज, गोव्यात इफ्फीच्या वेळी भरणारा एनएफडीसीचा वेव्हज फिल्म बाजार, आणि मुंबईत पेडर रोडला भरणारा मिफ, म्हणजे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. मिफ १९९०पासून दर दोन वर्षांनी होतो आणि २०२४मध्ये त्याला माहितीपटांचा बाजार जोडला गेला. कल्याणवरून तिथे दिवसभरात जाऊन येता येतं, म्हणून निवड झालेली नसली तरी प्रेक्षक म्हणून जा आणि इतरांची पिचेस ऐका. विषय कलेशी किंवा कलाकारांशी निगडित असेल तर बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अर्ज करता येतो. तिथे भारतीय भाषांतले प्रस्तावही घेतले जातात, त्यामुळे इंग्रजीच्या धास्तीने थांबू नका.

यूट्यूबवर स्वतःच टाकायचं ठरवलंत तरी पिच चुकत नाही, फक्त ऐकणारा बदलतो. तिथे जाहिरातीच्या वाट्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचा वॉचटाइम लागतो, किंवा शॉर्ट्सचे नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. त्यातून येणारी रक्कम एका चांगल्या माहितीपटाचा खर्च काढत नाही, म्हणून बजेटच्या जमेच्या बाजूला ती लिहू नका. मग गावातला प्रायोजक उरतो: क्लासवाला, ज्वेलर, बिल्डर. २७ गावांच्या जमिनीवर फिल्म करायची आणि बिल्डरचा लोगो लावायचा, हे चालणार नाही. प्रायोजकाचा आणि विषयाचा संबंध येत असेल तर पैसे नाकारा, आणि तसं प्रस्तावातही लिहा. असं लिहिणाऱ्यावर विश्वास बसतो.

बजेटमध्ये स्वतःचा आणि मित्रांचा पगार धरा. ‘आम्ही फुकट करू’ हे वाचून समोरचा खूश होत नाही, काम अर्धवट सुटेल अशी त्याला शंका येते. ध्वनी, दोन हार्ड डिस्क, सबटायटल्स, संगीताचे हक्क, वकील, आणि अनपेक्षित खर्चाला दहा टक्के, हे विसरले जाणारे रकाने आहेत. डब्यातल्या भजनी मंडळाने एखादं फिल्मी चालीचं भजन म्हटलं आणि तुम्ही ते पूर्ण वापरलंत, तर त्या चालीचे हक्क कुणाचे तरी असतात. आधी चौकशी करा.

आता कायदा, कारण इथे आपल्या मुलांची फसवणूक होते. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. पण विश्वासाने सांगितलेली, नीट विकसित केलेली संकल्पना उचलली तर न्यायालय दखल घेतं. सनडायल कम्युनिकेशन्सने ‘कृष कन्हैया’ ही मालिकेची संकल्पना लेखक संघाकडे नोंदवून झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती. त्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २००३मध्ये सनडायलला संरक्षण दिलं. यातून घ्यायचं एवढंच: संकल्पना सविस्तर लिहा, पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, प्रत्येक भेटीनंतर ‘आज आपण अमुक बोललो’ असा मेल टाका आणि ते मेल जपून ठेवा.

करार करताना कॉपीराइट कायद्याची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फिल्म करून घेतली आणि वेगळं काही लिहून ठेवलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. तुम्हाला काही हक्क स्वतःकडे ठेवायचे असतील, उदाहरणार्थ न वापरलेलं चित्रीकरण किंवा महोत्सवांत दाखवण्याचा हक्क, तर ते शूटिंगआधी लेखी झालं पाहिजे. कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. समोरच्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर ते संपुष्टात येतात. तयार करारात बहुधा ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असं असतं. त्यावर बोलणी करता येतात, पण सही करण्याआधी.

तुमच्या फिल्ममधल्या माणसांचे हक्क याहून मोठे आहेत. लेखी संमती घ्या, ती त्यांच्या भाषेत असू द्या, आणि कॅमेऱ्यासमोरही एकदा विचारा. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हवी आणि मुलांचीही. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर मुलाची ओळख उघड करणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. याच्या पुढचं कायदा सांगत नाही, ते मी सांगतो. फिल्म इंटरनेटवर गेली की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. भरतीत नापास झालेली मुलगी रडताना शेजाऱ्यांना, मॉलच्या मॅनेजरला आणि होणाऱ्या सासरच्यांना दिसणार आहे. म्हणून जवळपास पूर्ण झालेली फिल्म तिला आधी दाखवा आणि तिने एखादा प्रसंग काढायला सांगितलं तर काढा. प्रस्तावात हे आधीच लिहिलं तर निर्मात्याशी नंतर भांडण होत नाही.

पिचिंगच्या मंचावर बोलायला साधारण सात मिनिटं मिळतात, आणि त्यानंतर तेवढाच वेळ प्रश्नांना. कागद वाचू नका. तोच मजकूर त्यांच्याही हातात असतो. त्या मुलीविषयी बोला, तुम्ही तिला पहिल्यांदा कुठे धावताना पाहिलंत ते सांगा. प्रश्न ठरलेले असतात. आत्ताच का? तुम्हीच का? ती पास झाली नाही तर? मधेच ‘नको’ म्हणाली तर? शेवटच्या प्रश्नाला नवखे गडबडतात. खरं उत्तर तयार ठेवा: त्या मैदानावर आणखी दोघी आहेत, त्यांच्याशीही बोलणं झालं आहे, आणि पहिली निघून गेली तर तिचं जाणंही तिच्या परवानगीने फिल्मचा भाग होऊ शकतं.

नकार येतील. आला की आभार माना आणि एकच विचारा: कागदावर काय कमी पडलं, का हा विषयच तुमचा नाही? उत्तर आलं तर सहा महिन्यांनी सुधारलेला मजकूर त्याच माणसाला पाठवा. दरम्यान शूटिंग थांबवू नका, कारण भरती कुणा निर्मात्याच्या होकाराची वाट बघत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी हा सगळा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. मैदानी चाचणीच्या दिवशी आत नाही तरी मैदानाबाहेर कॅमेरा लावायचा असेल, तर तारखा जाहीर होण्याची वाट न पाहता परवानगीचा अर्ज आताच तिथे देऊन पोच घ्या.